नव्वद ते सहाशे चाळीस

धनाजीराव शिर्के गुजरातमधल्या एका जुन्या संस्थानी शहरात, प्रतापनगरजवळ राहायचे. आजोबा संस्थानच्या फौजेत, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, आणि ते स्वतः एका कापड गिरणीत टाइमकीपर. गिरणी बंद पडली तेव्हा ते सत्तेचाळीसचे होते. दोन वर्षं लहरीपुऱ्यातल्या साडीच्या दुकानात काढली, मग एका संशोधन संस्थेत घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम धरलं. अक्षर स्वच्छ, गुजराती अस्खलित. लोक त्यांना घरात बसवून घेत.

२००४ साली एका ट्रस्टला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे नर्स पाठवायच्या होत्या. कोणत्या वॉर्डात अशी माणसं किती, हे त्यांनी संस्थेला विचारलं. जनगणनेच्या तक्त्यांत वॉर्डातल्या माणसांची वयं होती, घरात माणसं किती हेही होतं, पण दोन्ही एकत्र कुठेच नव्हतं. संस्थेकडे शहरभरच्या अकराशे घरांचे फॉर्म होते. मृदुला नावाची सांख्यिकी सहायक ती घरं संगणकात घालायची आणि बेरजा जनगणनेशी जुळेपर्यंत त्यांच्या प्रती काढून एकेक वॉर्ड वसवायची. हे तिने दोनशे वेळा केलं. दर वेळी काही फॉर्म वगळून, काही दोनदा घेऊन, उत्तर किती हलतं ते बघायला.

एका दुपारी तिने धनाजीरावांना बोलावलं.

"काका, वासणा वॉर्डातला हा फॉर्म तुम्ही भरलाय ना? कांचनबेन, वय एकाहत्तर, एकट्या."

"हो. फ्लॅटमध्ये राहतात. मुलगा बाहेरगावी."

"तिकडच्या वस्तीतला, एकट्या म्हाताऱ्या माणसाचा हा एकच फॉर्म आहे. हा वगळला की वॉर्डात अशी नव्वद माणसं येतात. दोनदा घेतला की सहाशे चाळीस."

धनाजीराव पडद्याकडे बघत राहिले. त्या बाईंनी त्यांना चहा दिला होता, मुलाचा फोटो दाखवला होता. त्यांच्या शेकडो प्रती झाल्या आहेत हे ऐकून त्यांना जरा कसंसंच झालं.

संस्थेचे प्रमुख समरजितसाहेब यांना एकच आकडा हवा होता. "मधला लिहा. तीनशे पासष्ट. ट्रस्टवाल्यांना दोन आकडे देऊन काय करायचं?"

मृदुला म्हणाली, "सर, बाकीच्या वॉर्डांत दोन टोकं जवळजवळ आहेत, तिथे मधला चालेल. इथे आपल्याला माहीतच नाही."

साहेब धनाजीरावांकडे वळले. "तुम्ही तर फिरता तिथे. तीनशे पासष्ट असतील की नाही?"

"साहेब, मी एका बाईंना भेटलोय," धनाजीराव म्हणाले. "बाकीच्या तीनशे चौसष्ट मी पाहिलेल्या नाहीत."

साहेब चिडले, पण त्यांनी तो तक्ता परत मृदुलाकडे सरकवला. अहवालात वासण्यापुढे दोन्ही आकडे छापले गेले. ट्रस्टने इतर वॉर्डांत नर्स नेमल्या आणि वासण्यात आधी मोजणी करून मागितली. ते काम धनाजीरावांकडेच आलं. स्कूटरवरून सोसायटी-सोसायटी फिरायला त्यांना पाच आठवडे लागले. दोनशे बारा माणसं सापडली. सतरा दारं तीनदा जाऊनही उघडली नाहीत, ती त्यांनी वेगळी लिहिली.

वासण्याला दोन नर्स मिळाल्या. साहेबांनी धनाजीरावांना कधी शाबासकी दिली नाही, पण पुढच्या अहवालांत प्रत्येक वॉर्डापुढे कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन रकाने राहिले. गुडघे दुखू लागेपर्यंत, आणखी पाच वर्षं, धनाजीराव फॉर्म भरत होते.