घामोळं तोंडात येत नाही

“हे चट्टे शेडमुळे नाहीत,” नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “छातीत गाठ आहे. थायमोमा.”

मी ताडकन उठले. गाठीचं कळलंच नाही, राग आला तो पहिल्या वाक्याचा.

भूकंपात घर गेल्यापासून आई आणि मी पत्र्याच्या शेडात होतो. पक्क्या घरांच्या मागणीची पत्रकं मीच लिहायची. शेडात सगळ्यांनाच पुरळ, सगळ्यांना एकच पांढरं मलम. माझ्या मनगटांवर जांभळे चट्टे उठले, तेव्हा लातूरच्या मोर्चात मी बाह्या सारून ते दाखवले. बघा, पत्र्याखाली माणसाचं काय होतं ते.

“बाई, अंग हाय का पत्रक?” आई करवादायची. “दवाखान्यात चल.”

मग तोंड सोललं. दुधात कुस्करलेली भाकरही झोंबायची. एक डॉक्टर म्हणाले उष्णता, दुसऱ्यांनी विचारलं गुटखा खाता का. तोंडात वाकून कुणी पाहिलं नाही. पाहायला किती वेळ लागतो?

शेवटी आईनं नांदेडला नेलं. तिथं डॉक्टरबाईंनी बॅटरी लावली. गालात आतून पांढरी जाळी. “घामोळं तोंडात येतं का गं?” बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणी, झाली. निघालं लायकेन प्लॅनस, कातडीवर आणि तोंडात उठणारा आजार. जिन्यावर धाप लागते म्हटल्यावर छातीचा फोटो, मग सीटी स्कॅन. त्यात ती गाठ दिसली.

“थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. तुम्हा लातूरवाल्यांना कळेल असं सांगते, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा क्लास. आपलं कोण, परकं कोण, तिथं शिकवतात. गाठीनं शिकवणी बिघडली. पेशी तुझ्याच कातडीवर चालून येऊन राहिल्यात.” यालाच ऑटोइम्यून म्हणतात.

“मोर्चा झाल्यावर ऑपरेशन केलं तर?” मी विचारलं. चट्टे गाठीचे हे कळलं तर साहेब लोक म्हणतील, शेडात काहीच वाईट नाही, हीच धास्ती.

“गाठ मोर्चासाठी थांबत न्हाई,” डॉक्टरबाईंच्या आधी आईच बोलली. “चल हैदराबादला.”

गाठ निघाली. चट्टे हळूहळू फिके पडले. तोंड अजून अधूनमधून सोलतं. तसं बाईंनी आधीच सांगितलं होतं. तुम्हालाही उष्णता म्हणून परत धाडत असतील, तर खुर्ची सोडू नका. तोंड उघडा, आत बघा म्हणा. त्या एका बॅटरीमुळे मी आहे.

पुढच्या मोर्चात कुणीतरी म्हणालं, “हात दाखव की गं.”

“न्हाई. पत्रा तापतो, एवढं पुरे. घर मागायला आजारी पडावं लागतं का?”

बाह्या मनगटापर्यंत ओढून मी घोषणा दिली. आवाज फाटका निघाला. मागून आईचा आला.