कुडातल्या गोळ्या

गोळ्या बकऱ्यांच्या गोठ्यात सापडल्या. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेण लिंपायला घेतलं तेव्हा धोंडिबाच्या वहिनीच्या बोटांना एकेक लागत गेली. मी पोचल्यावर तिने पिशवी पुढे केली. एक्केचाळीस भरल्या. रोजची एक, म्हणजे धोंडिबाने सव्वा महिन्याच्या वर गोळी गिळलीच नव्हती. जिभेखाली धरायचा आणि गोठ्यात जाऊन कारवीच्या फटीत खुपसायचा.

मी सोशल वर्कर. वेल्ह्याच्या डोंगरात मानसिक आरोग्याचं काम करते. डॉक्टर महिन्यातून एकदा खाली कॅम्पला येतात, औषध लिहून देतात. ते औषध घरात घेतलं जातंय का, माणूस जेवतो का, झोपतो का, हे बघत वाडी-वस्ती फिरायचं काम माझं. याला आम्ही फॉलोअप म्हणतो. या घरी यायचं तर एसटीतून उतरून दीड तास चढ. वाटेत बोलायला कोणी नसतं. पूर्वी मी गाणी म्हणत चढायचे, आता तेही सुटलं.

धोंडिबा पस्तिशीचा. आजार स्किझोफ्रेनिया. सोप्या भाषेत सांगायचं तर समोर कोणी नसताना त्याला एक माणूस बोलताना ऐकू यायचा, तुमचं माझं बोलणं ऐकू येतं तितका स्पष्ट. त्या आवाजामागे तो एकदा पार कड्यापर्यंत गेला होता. थोरल्या भावाने, रामभाऊंनी, कमरेला मिठी घालून मागे ओढला. मग औषध सुरू झालं आणि दोन वर्षं आवाज बंद होता. मी फॉर्मवर 'सुधारणा' लिहिलं. भोरच्या ऑफिसातले आमचे सर मीटिंगमध्ये ही केस कौतुकाने सांगायचे. आता वहिनी म्हणत होती की तो पुन्हा कड्याकडे जाऊन बसतो.

मोबाईलला रेंज वरच्या खडकावर येते. तिथे जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कॅम्पला घेऊन या, तोवर एकटं सोडू नका. सर म्हणाले, वहिनीला सांगा, गोळी दिल्यावर तोंड उघडून जीभ बघायची. दोघांचंही बरोबर होतं. पण मला राग आला होता. इतके चढ चढून काय मिळवलं, असं वाटलं. त्या रागातच मी धोंडिबाला विचारलं, का नाही घेतल्या?

तो बोटाने जमीन उकरू लागला.

"गोळीनं त्यो गेला, ताई," तो म्हणाला.

"बरंच झालं की. शिव्या द्यायचा ना?"

"लई द्यायचा. पन नावानं हाक मारायचा."

मला आधी नीट कळलंच नाही. वहिनीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. आजार सुरू झाला तेव्हा एका देवऋष्याने सांगितलं होतं की याला बाहेरचं लागलंय, नावानं हाक मारू नका, आत जे आहे तेच ओ देईल. तेव्हापासून घरात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. 'ए', 'आरं', नाहीतर ताटली वाजवायची. पोरांनाही ताकीद होती. अकरा वर्षं झाली या गोष्टीला. औषधाने आवाज गेला, पण ती बंदी उठवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्याही नाही. मी त्याला 'भाऊ' म्हणायचे. आमच्या फाइलवर तर नावही नसतं, नंबर असतो. पेशंटचं नाव फुटू नये म्हणून हा नियम आहे, आणि नियम चांगला आहे. मला लाज वाटली.

दुपारी रामभाऊ बकऱ्या घेऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. कड्याच्या टोकावरून भावाला ओढून आणणारा हा माणूस नाव घ्यायच्या गोष्टीने घाबरला.

"आन आतल्यानंच ओ दिली तर?"

"मी बसलेय ना इथे. काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

वहिनीने ताटं वाढली. धोंडिबा अंगणाच्या कडेला पाठमोरा बसला होता. रामभाऊ दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "धोंडिबा, जेवाय ये."

तो हललाच नाही. रामभाऊंचा चेहरा उतरला. मला मात्र कारण लगेच कळलं. आवाजाने पुन्हा कधी हाक मारली तर ओ द्यायची नाही, वळायचं नाही, हे दोन वर्षं मीच त्याला घोटून शिकवलं होतं.

रामभाऊंनी पुन्हा हाक मारली. या खेपेला धोंडिबाने मान वळवली, पण भावाकडे नाही, माझ्याकडे.

"ताई, तुमाला बी आयकू आलं का?"

"आलं. तुझा दादा बोलावतोय."

तो उठला. कपडे झटकले. "ओ," म्हणाला आणि आत जेवायला गेला. मला त्या घरात थांबवेना. पाणी प्यायचं निमित्त करून मी मागच्या अंगाला गेले आणि रडले.

शेवटच्या एसटीने भोरला आले. खोलीचं कुलूप उघडलं. या सगळ्या भागात मला ताई म्हणतात. माझं नाव ऑफिसच्या मस्टरवर आहे. त्या दिवशी ते मी एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. आपणच आपल्याला हाक मारून बरं वाटलं नाही.

कॅम्पला दोघे भाऊ आले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा बेताबेताने वाढवत नेली. आता तो घेतो. रामभाऊ अजून त्याला एकट्याला बकऱ्यांमागे धाडत नाहीत, पण वस्तीवर गेलं की वहिनी त्याला नावाने हाका मारताना लांबून ऐकू येते.

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे, 'आवाज येतात का?' 'नाही' असं उत्तर आलं की आम्ही सुधारणा लिहून मोकळे होतो. हल्ली मी त्याच्याखाली आणखी एक विचारते, मग हाक कोण मारतं? सर म्हणाले, त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. मी समासात लिहिते. बऱ्याच घरांच्या फॉर्मवर त्या समासात लिहायला अजून कोणाचं नाव मिळालेलं नाही.