लाडू, चकरी आणि बाबांचा उजवा हात

बाबांचा उजवा हात त्यांच्या आधीच गेला होता.

लकवा मारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब समजा. बाबांना ते काही पटलं नाही.

नेरच्या जिनिंगमध्ये जन्मभर त्यांनी कापसाची प्रत पाहिली ती याच हाताने. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोटांनी हळूच ओढायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं. आता तोच हात मांडीवर पडून असायचा आणि बाबा त्याच्याकडे बघायचेही नाहीत.

फिजिओच्या मॅडमनी तळहाताखाली चेंडू फिरवायला सांगितला. बाबांनी तो डाव्या हाताने पलंगाखाली ढकलून दिला. मी काय लहान लेकरू हाय काय, म्हणे.

मी तेव्हा घरी आर्केड कॅबिनेट बनवत होतो. पूर्वी व्हिडिओ गेमच्या दुकानात असायचं ना, तसलं खोकं. जुन्या शोकेसचं प्लायवूड, सेकंडहँड कॉम्प्युटर, आणि दोघांना शेजारी बसून खेळता यावं म्हणून दोन ट्रॅकबॉल, दोन स्पिनर.

ट्रॅकबॉल म्हणजे अर्धा आत बसवलेला चेंडू, तळहाताने फिरवायचा. स्पिनर म्हणजे गरगर फिरणारी मूठ. बाबांनी त्यांची नावं ठेवली लाडू आणि चकरी.

ट्रायलला आई-बाबांनाच बसवलं. बाबांचा हात उचलून मी एका लाडवावर ठेवला. आईने दुसरा धरला.

स्क्रीनवरचा ठिपका सरकला.

"हालला," बाबा हळूच म्हणाले. "पाह्य, माहा हात हालला."

हालला नव्हता. लाडू-चकऱ्यांच्या चारही वायरी नुसत्या जोडल्या की कॉम्प्युटर सगळ्यांना मिळून एकच माउस समजतो. कुणीही फिरवा, ठिपका एकच. फिरवत होती आई.

मी ते दुरुस्त करणार तर आईने स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, राहू दे, खुश आहेत ते. निदान हात ठेवून बसतात तरी.

आणि बाबा खरंच रोज बसू लागले. जोर लावून घामाघूम व्हायचे. आई शेजारून अगदी बेताने फिरवायची, नवरा एका दिवसात बरा झाला असं दिसू नये इतपत.

एकदा कुकरची शिट्टी झाली आणि आई उठून गेली.

ठिपका जागच्या जागी थांबला. बाबांनी आईच्या मोकळ्या लाडवाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दोघाईचं अलग कर. मले माहंच पाह्याचं हाय."

लागलो कामाला. प्रत्येक लाडवाला, प्रत्येक चकरीला वेगळी ओळख द्यायची आणि गेमला समजावायचं, हा बाबांचा, हा आईचा. समजावून होतं न होतं तोच आमच्याकडची लाइन जायची. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की क्रम बदललेला, बाबांचा लाडू आईच्या नावावर. शेवटी प्रत्येक वायरीची जागा पक्की केली, रंगीत टेप चिकटवली आणि गेमला त्या जागेवरूनच ओळखायला लावलं.

आता ठिपके दोन. लाल आईचा, पिवळा बाबांचा.

बाबांनी हात ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मला तर तिथे उभं राहवेना.

मग पिवळा ठिपका सरकला. करंगळीच्या नखाएवढा.

बाबांनी आधी आईच्या हातांकडे पाहिलं.

आईने दोन्ही हात वर केले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"म्या नाई केलं जी. तुमीच केलं."

बाबा रडले. आईपण. मी वायर तपासायच्या निमित्ताने खोक्यामागे जाऊन बसलो.

त्यानंतर ते आईकडून रोज हरायचे, आणि हरल्यावर लगेच दुसरा डाव मागायचे. इतक्या आनंदाने हरणारा माणूस मी पाहिला नाही.

कापूस ओढायची बोटं काही परत आली नाहीत.

पण यवतमाळच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, सलाइन डाव्या हाताला लावलं होतं. आईचा हात त्यांनी उजव्याने धरला होता.

आज वर्ष झालं, बाबा. आईचा आणि माझा भरल्या मनाने नमस्कार.