आईचं झाकण आणि माझे सात नियम

१९८८, ऑक्टोबरातला दुसरा रविवार. खर्च एकशे पंच्याऐंशी रुपये. हजर : मी, माझी बायको, माझी आई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला वायरमन. जागा : मुलुंडच्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, नऊ फूट बाय सात.

त्याआधीच्या महिन्यात आई दुपारी एकटी असताना, आमटी गरम करताना, तिच्या पदराने गॅसवर पेट घेतला होता. वीतभर पदर जळला, आईला इजा झाली नाही. पण तिचे हात थरथरतात हे आम्ही तेव्हा कबूल केलं. बायकोने बँकेतून महिन्याची रजा काढली. ती पुढच्या रविवारी संपणार होती. तोवर आईला आपलं जेवण आपण गरम करता आलं नाही, तर चौदा वर्षांची नोकरी सोडायची, असं तिने ठरवून टाकलं. मला ते नको होतं, तिलाही नको होतं. आईला तर मुळीच नको होतं, कारण सून घरात असल्यापासून तिची दुपारची झोप गेली होती.

उपाय घरातच होता. मस्कतला असणाऱ्या माझ्या मेहुण्याने गेल्या दिवाळीत आणलेला मायक्रोवेव्ह ओव्हन अकरा महिने खोक्यात होता. मी आधी माहितीपुस्तिका वाचून घेत होतो.

"अहो, छत्तीस पानं आहेत त्यात," बायको म्हणाली. "महिन्याला तीनसुद्धा झाली नाहीत पुरती."

ओव्हनला चपट्या पिनांचा परदेशी प्लग होता. वायरमनने तो कापून बाजूला ठेवला. "साहेब, हा काय टेबलफॅन नाय. पंधरा अँपिअरचं सॉकेट, वेगळी लाइन आणि अर्थिंग पक्कं पायजे. टू-पिनवर लावाल तर वाट लागेल." एकशे पंच्याऐंशी झाले ते त्यालाच.

त्या संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आईसाठी मोठ्या अक्षरात सात नियम लिहिले. धातूचं भांडं आत ठेवायचं नाही, हा पहिला. रिकामा चालवायचा नाही. दार नीट लागल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मध्येच थांबवून पदार्थ ढवळायचा, कारण कडेला कढत आणि मध्ये गार राहतो. सहावा नियम, चालू असताना सहा फूट लांब उभं राहायचं.

"हे पुस्तिकेत कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"नाही. हे माझं."

तिने टेप आणून ओट्यापासून सहा फूट मोजले. आकडा पॅसेजमध्ये, मोरीच्या दाराशी पडला. "म्हणजे आईंनी मोरीत उभं राहून आमटीवर लक्ष ठेवायचं," ती म्हणाली. आई टेपकडे पाहून हसली.

परीक्षा शनिवारी ठरली. मला अर्धा दिवस असतो. अटी अशा, की आईने सगळं एकटीने करायचं आणि आम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही. मी मोरीच्या दाराशी उभा राहिलो.

आईने फ्रूट सॅलडच्या सेटमधला काचेचा वाडगा घेतला. त्यात भात घातला, वर आमटी. वाडगा आत ठेवला, दार नीट लावलं, दोन मिनिटांवर काटा आणला. इथपर्यंत पैकीच्या पैकी गुण.

मग आत तडतड सुरू झाली आणि निळ्या ठिणग्या उडाल्या. मी मेन स्विचकडे धावलो. तो बाहेरच्या दारावर, स्टुलावर चढल्याशिवाय हाती न येणारा. मी स्टूल शोधेपर्यंत आईने ओव्हनचं दार उघडलं. ओव्हन लगेच बंद झाला. वाडग्यावर स्टीलची झाकणी होती आणि तिच्या कडेला काळा डाग पडला होता.

"आई, धातू नाही म्हणून लिहिलंय ना मी?"

"भांडा काचेचा होता," आई म्हणाली. "झाकणाचा तू खंय लिवलंस? उघडा अन्न ठेवतत काय?"

मी यादी वाचली. झाकणाचं खरंच नव्हतं. आमच्या घरात शिजलेलं अन्न एक मिनिटही उघडं राहत नाही, आणि झाकण्या सगळ्या स्टीलच्या, हे बेचाळीस वर्षं बघूनही मला सुचलं नव्हतं.

"नापास कोण झालं मग?" बायकोने विचारलं. तरी आवाज तिचाही उतरला होता. रजेचा एकच दिवस उरला होता.

मी कपभर पाणी ठेवून ओव्हन तपासला. नीट चालत होता. वाडग्यावर चिनी मातीची बशी उपडी घालून पाहिली, ती घसरायची. आई उघडं गरम करायला तयार नव्हती, आणि घसरणारी बशी तिच्या हातात द्यायला मी. शेवटी आईच म्हणाली, "सोमवारी गार जेवान. एक दिवस जेवलंय म्हणून मरूचंय नाय. तू जा गो बँकेत."

बायको गेली. दुपारी एक वाजता तिने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तर आई खाली यायला मोकळी नव्हती. व्यवहार चालू आहे, असा निरोप आला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा ओट्यावर जाड काचेचं भांडं होतं, वर काचेचंच झाकण, धरायला काचेचीच गोल मूठ. आई त्यात भात-आमटी गरम करून, मध्ये एकदा ढवळून, जेवून झोपलीही होती. जिन्यावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली होती, तिच्याशी आईने तासभर घासाघीस केली होती.

बायकोने नोकरी सोडली नाही. बोहारणीला दिलं ते असं : बायकोची एक नायलॉनची साडी आणि माझ्या दोन टेरिकॉटच्या पँटी, पैकी तपकिरी मी मंगळवारी ऑफिसला घालणार होतो.