हद्दीबाहेरचं बाळंतपण

माझ्या वहिनीवर अन्याय झाला. हरतालिकेच्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात, केसपेपरच्या खिडकीपाशी. तिचा आठवा महिना सरत आला होता. उपास म्हणून पोटात कपभर दूध, आणि पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते. खिडकीतल्या माणसाने जाड वहीत बोट फिरवलं, एका ओळीवर थांबवलं आणि वर न बघता सांगितलं, "तुमचं नाव कमी केलंय. हद्दीबाहेरच्या आहात."

"कुठल्या हद्दीबाहेर?" मी विचारलं.

"मुंबईच्या. वाशी लिहिलंय ना तुमी? वाशी काय मुंबईत येते?"

"नाव चौथ्या महिन्यात घातलंय. तेव्हा घेतलंत की."

"तेव्हा कोणी बघितलं नसेल. मागे लाइन बघा मॅडम."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लालबागच्या चाळीत बाई गरोदर राहिली की पेढ्यांच्या आधी एकच प्रश्न यायचा, "नाव घातलंस का?" सरकारी प्रसूतिगृहात वेळेवर नाव घातलं नाही तर ऐन वेळी दारात उभं करत नसत. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, आणि सासरचं म्हणजे त्या प्रसूतिगृहात. मी तिथली, अर्धी चाळ तिथली. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही खाडीपलीकडे वाशीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्यातच वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा दुसरीकडे कुठे नाव घालायचं असतं हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घोटाळा केला दादाने. त्याला नव्या पत्त्याचा भारी अभिमान. सेक्टर, बिल्डिंग, दुसरा मजला, ब्लॉक नंबर, सगळं त्याने केसपेपरवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. चाळीतून आमच्यासारखीच डोंबिवलीला, मुंब्र्याला गेलेली शहाणी माणसं दवाखान्यात अजून चाळीचाच पत्ता देत होती. रेशनकार्डही तिथलंच ठेवत होती. आमच्या दादाने मात्र खरं लिहिलं, आणि तेही टेचात.

प्रसूतिगृहातून आम्ही दोघी चाळीत आत्याकडे गेलो, वहिनीला जरा पाय लांब करता यावेत म्हणून. आत्याने दारातच हात जोडले. "या, या! परदेशी मंडळी आली. पासपोर्ट दाखवलात का खाली?"

आम्ही खाडी ओलांडल्यापासून ही थट्टा चालायची. त्या दिवशी ती मला डसली. पूल ओलांडून तासाभरात येता येतं, आणि बाळंतपणाला म्हणे आम्ही परक्या.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायचे. आमचा एक लहानसा गट होता. पाणी, बस, फी, जे हाताशी येईल त्यावर आम्ही पत्रकाची स्टेन्सिल कापायचो आणि सायक्लोस्टाइल यंत्राची शाई कोपरापर्यंत माखून घरी यायचो. त्या संध्याकाळी मी जेवणाआधीच वही उघडली. मथळा तयार होता: "गर्भाला हद्द असते काय?"

वहिनीने तो वाचला. "वन्सं, मथळा झकास आहे. पण हे छापून, वाटून, साहेबापर्यंत पोचेस्तोवर माझं मूल बालवाडीत जाईल."

जेवताना घराचे तीन पक्ष पडले. आईचं म्हणणं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर जायचं आणि आत्याचा पत्ता द्यायचा. दादाचं म्हणणं, शेजारच्या सेक्टरात खासगी नर्सिंग होम झालंय, तिथे जायचं. "फ्लॅटमध्ये राहतो आपण. लाइनीत कशाला उभं राहायचं?" माझं म्हणणं, हटायचं नाही, त्या खिडकीसमोर बसकण मारायची.

"आणि कळा कोण देणार? गट?" वहिनी म्हणाली. मग हातातला घास ताटात ठेवून तिने सगळ्यांकडे बघितलं. "मला विचारा की कुणीतरी."

कुणी विचारलं नाही ते नाहीच. मग तिने स्वतःच ठरवलं. आमच्या दारावर रोज वाशीच्या जुन्या गावातून मासेवाली यायची. ती वहिनीला कधीची सांगत होती, "गावात सरकारी केंद्र हाय. माजे तिन्ही तितंच झाले." आमच्या बिल्डिंगमधलं कुणी त्या आरोग्य केंद्राची पायरी चढलेलं नव्हतं. ते गाववाल्यांचं. आम्ही पगारदार. नव्या शहरात येऊन आम्ही पहिली गोष्ट काय शिकलो असू तर ही.

गणपतीतल्या एका सकाळी वहिनी मला घेऊन निघाली. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, असं तिने बजावलं होतं. माझं भाषण नको.

नर्सिंग होम म्हणजे तळमजल्यावरचे दोन ब्लॉक जोडून केलेलं. फिनेलचा वास, हिरवे पडदे, खाली पाय न घसरणारी स्वच्छ लादी. मला आवडलं, हे कबूल करते. डॉक्टर नव्हते. काउंटरवरची मुलगी गोड बोलली.

"मंगळवारी दुपारी कळा सुरू झाल्या," वहिनी म्हणाली, "तर इथे कोण असेल?"

"सर बुधवार-शनिवार येतात, दादरहून. बाकी दिवशी आपण फोन करतो ना."

"आणि अडलं तर?"

"अडलेली केस आपण मुंबईला पाठवतो." आणि तिने प्रसूतिगृहाचं नाव सांगितलं. तेच. जिथून वहिनीचं नाव कमी झालं होतं.

माझं डोकं तापलं. वहिनी माझा दंड धरून बाहेर आली.

केंद्र गावाच्या तोंडाशी होतं. बैठी कौलारू इमारत, बाहेर सिमेंटचा बाक, बाकावर लुगड्यातल्या बायका. आत एक टेबल, टेबलामागे डॉक्टरची खुर्ची, आणि खुर्चीवर लसींचं खोकं, कारण डॉक्टर वर्षभर नेमलेलाच नव्हता. केंद्र चालवत होत्या नर्सबाई. उरणकडच्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीचा पदर खोचलेल्या. त्यांनी वहिनीचे पाय बघितले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, ब्लडप्रेशर घेतलं, पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं चाचपलं, खाण्यापिण्याची चौकशी केली आणि हरतालिकेचा उपास कळताच मला झापलं. "हिला उपास कोनी करायला लावला?"

आईने नको म्हटलं होतं. वहिनीनेच धरला होता. पण ओरडा मी खाल्ला.

वहिनीने तोच प्रश्न विचारला.

"मंगलवारी, बुधवारी, कवा पन. मी मागच्या खोलीत ऱ्हातंय. दार ठोक," बाई म्हणाल्या. "पर तुजं ब्लडप्रेशर चढलं, नाय तर मूल आडवं झालं, तर मी हात लावनार नाय. जीप मागवून ठान्याला धाडनार. आधीच सांगतंय."

वहिनी एकदम हलकी झाली. पहिल्यांदाच कुणीतरी तिला जमणार काय आणि जमणार नाही काय, दोन्ही सांगितलं होतं. तरीही तिने भीत भीत विचारलं, "पण आमचा पत्ता नव्या वाशीचा आहे. चालेल?"

बाकावरच्या बायका हसल्या. नर्सबाई केसपेपर लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुजी इमारत जितं हाय ना, तितं माज्या मावशीचं शेत व्हतं. पत्ता मला नको सांगू."

सहा महिने मी "आम्हा नव्या शहरवासीयांवर अन्याय" असं लिहीत होते. ज्यांच्या बांधावर आमची इमारत उभी होती, त्या बायका एका डॉक्टरवाचून वर्षभर बाकावर बसल्या होत्या. त्यावर माझ्या वहीत एक ओळ नव्हती.

घरी दादाने आकांडतांडव केलं. "लोक काय म्हणतील? बायकोला गावच्या केंद्रात टाकलं!"

"अहो, लोकांना कळा येणार नाहीत," वहिनी म्हणाली. "मला येणार आहेत. मी नाव घालून आले."

पितृपक्षातल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास, कळा सुरू झाल्या. दादा फोर्टला ऑफिसात. वहिनीने थोरल्या लेकाला शेजारी सोपवलं आणि म्हणाली, चालत जाऊ. मोकळ्या प्लॉटांमधून पाऊलवाट होती. कळ आली की ती माझा खांदा आवळून उभी राहायची, गेली की पुन्हा चालायची. आई मागून पिशवी घेऊन, पितरांची आणि देवांची नावं एकत्र घेत. तिसऱ्या बिल्डिंगच्या गॅलरीतून एक ओळखीची बाई ओरडली, "अहो, तिकडे कुठे? नर्सिंग होम या बाजूला!"

"ठाऊक आहे!" वहिनी ओरडली. तेवढा दम तिच्यात कुठून आला कोण जाणे.

दुपारी एकच्या आत मुलगी झाली. नाळेचा वेढा गळ्याला होता. बाळ निळसर, आणि रडेना. मनात एकच आलं, दादाचं ऐकायला हवं होतं. नर्सबाईंनी दोन बोटांनी वेढा सोडवला, तोंडातला चिकटा पुसून काढला, तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. सगळं घाई न करता, न थांबता. मग ते रडणं आलं. खणखणीत. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "झाली गो झाली!"

"हार घालून आलीय बाय," नर्सबाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

संध्याकाळी दादा आला. बुटांसकट आत शिरला म्हणून बाईंनी त्याला बाहेर काढलं. बूट काढून परत आला, मुलीकडे बघितलं आणि नर्सबाईंच्या पाया पडला. माझा टेचातला दादा. मला त्याचा तेवढा अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

मग मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं, ज्यात "निषेध" हा शब्द नव्हता. आमच्या केंद्रात काय आहे ते लिहिलं आणि काय नाही ते लिहिलं. वहिनी बारशानंतर बिल्डिंगमध्ये दारोदार गेली. अर्धी दारं हसून बंद झाली. उरलेल्या बायकांनी केंद्राला डॉक्टर मिळावा या अर्जावर सह्या केल्या. त्याच कागदावर गावच्या बायकांनी अंगठे उठवले. आम्ही तो घेऊन ठाण्याला आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब आमच्या साड्यांकडे बघून म्हणाला, "तुम्ही फ्लॅटवाल्या. तुम्हाला या केंद्राशी काय करायचंय?"

मी तोंड उघडलं. वहिनीने मला कोपराने ढोसलं. मांडीवरचं बाळ सावरत ती म्हणाली, "ही तिथे जन्मली. डॉक्टर कधी देताय?"

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेबच म्हणाला, "आल्या का त्या बाळवाल्या?" होळीच्या सुमारास लेडी डॉक्टर रुजू झाली. आठवड्याचे सगळे दिवस. लसींचं खोकं खुर्चीवरून कपाटात गेलं. आम्ही काही क्रांती केली नाही. एक खुर्ची भरली. पण ती आम्ही भरली, गावच्या बायकांनी आणि इमारतीच्या बायकांनी मिळून, आणि ह्याचा गर्व मी लपवणार नाही.

खासगी दवाखान्यांशी माझं भांडण नाही. ज्याला जायचं त्याने जावं. माझं भांडण तुमच्याशी आहे. तुम्ही, ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबाच्या टेबलासमोर न घाबरता उभं राहता येतं. तुम्ही सरकारी केंद्र सोडून गेलात, म्हणून तिथे डॉक्टर नाही. आणि वर म्हणता, तिथे डॉक्टर नाही म्हणून आम्ही जात नाही! तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला ताप आला की तिला मात्र तिकडचा रस्ता दाखवता.

तर आता उठा. घराजवळचं सरकारी केंद्र कुठे आहे ते आधी शोधून काढा. येत्या सोमवारी सकाळी स्वतःच्या पोराला घेऊन तिथे जा, लस तिथेच टोचून घ्या. डॉक्टर जागेवर नसेल तर का नाही ते विचारा, आणि उत्तर लेखी मिळाल्याशिवाय घरी येऊ नका.