पिंजऱ्यावरची चादर

मुलगी चौथीत असताना मी तिला एक लव्हबर्ड आणून दिला. बजरीगर हे त्याचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं. नाशकात तेव्हा सगळे त्याला लव्हबर्डच म्हणत. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात एक माणूस सायकलला पिंजरे टांगून उभा असे.

"जोडी न्या साहेब."

"एकच द्या. मुलीला हातावर बसवायचाय."

"मग एकटाच बरा, लवकर माणसाळतो. राळे खायला घाला, घाई करू नका. आणि रात्री पिंजऱ्यावर कपडा टाकायचा. अंधार झाला की गप."

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी नीट लक्षात ठेवलं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात होतो. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. घर दोन खोल्यांचं. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला. मुलगी दुपारी शाळेतून आली की मुठीत राळे घेऊन, पिंजऱ्याचं दार उघडून तळहात आत धरायची आणि मनात शंभर मोजायची. हात हलवायचा नाही, असा तिचाच नियम. पहिले काही दिवस पक्षी दूरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. मग एक एक दाणा उचलू लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याने तिच्या बोटावर एक पाय ठेवला. ती श्वास रोखून उभी होती. हिला माझ्यापेक्षा जास्त धीर आहे, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात माझी रात्रपाळी लागली. सकाळी साडेसातला मी घरी यायचो, तेव्हा मुलगी शाळेला आणि बायको बालवाडीत शिकवायला निघालेली असे. मी आडवा व्हायचो आणि पक्ष्याची बडबड सुरू व्हायची. पहिल्या दिवशी सहन केली. दुसऱ्या दिवशी उठून सोलापुरी चादर दुहेरी करून पिंजऱ्यावर टाकली. तो गप झाला. दुपारी एकला, त्या दोघी यायच्या आत, मी ती ओढून काढली आणि घडी करून ठेवली. मग रोजच तसं होऊ लागलं. एका सकाळी चादरीखालूनही तो ओरडत राहिला, तेव्हा मी उठून पिंजऱ्यावर जोरात हात आपटला. दोनदा.

त्या दुपारी मुलीने हात आत घातला आणि पक्षी गजांवर धडकत राहिला. एक हिरवं पीस खाली पडलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायको माझ्या रात्रपाळीच्या तारखांना 'रा' लिहीत असे. मुलगी त्याच चौकटींत खूण करी: पक्ष्याने हातावरचं खाल्लं तर बरोबर, नाही तर फुली. दोन आठवडे कसेबसे बरोबर, मग 'रा'च्या शेजारी सहा फुल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. चहा पिताना मी त्या चौकटींसमोरच बसत असे. तिला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं होतं.

एकदा ती साबणाने हात धुऊन माझ्यापुढे आली. "पप्पा, माझ्या हाताला वास येतो का?"

"नाही गं. असतात काही पक्षी तसे."

तिला खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता. पण मी थकलेलो होतो. त्या वर्षांत माझ्याकडे दुसरं कारण कधीच नव्हतं, आणि तेही खरंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनेच पिंजरा खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. काकू दिवसभर घरी असायच्या. महिन्याभरात पक्षी त्यांच्या खांद्यावर बसून पोळीचा तुकडा खाऊ लागला.

"बघ की, किती शहाणा आहे," काकू जिन्यात हसत म्हणाल्या. "तुलाच कसा गं नाही वळला? चिमटे काढायचीस की काय?"

मुलगीही हसली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. मी किराण्याची पिशवी घेऊन तिच्याच मागे उभा होतो.

पुढे ती शिकायला पुण्याला गेली. एका रविवारी फोनवर म्हणाली, "खोलीतल्या मुलीने लव्हबर्ड आणलाय. मी लांबूनच बघते. माझ्या हाताला पक्षी येत नाहीत, माहितीय ना तुम्हाला?"

हे ती सहज म्हणाली, आपल्याला दूध पचत नाही असं सांगावं तसं. मी म्हणालो, "कपडा फक्त रात्री टाका म्हणावं पिंजऱ्यावर. दिवसा नको."

"दिवसा कोण टाकेल, पप्पा?"

मी टाकायचो, असं म्हणालो. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.