तीनशे अठरा बिशप आणि आईची आरती

फादर घामाघूम होऊन दुकानात शिरले आणि टेकण्याआधीच म्हणाले, "अम्मा, मला तीनशे अठरा बिशप हवेत."

माझं दुकान तंजावूर चित्रांचं. सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, मधोमध लोणी खाणारा गुबगुबीत कृष्ण. बिशप मी कधी विकले नव्हते. आम्ही चेहऱ्यामागे दर लावतो, त्यामुळे मनात गुदगुल्या होत होत्या. तोंड मात्र मी कारलं खाल्ल्यासारखं केलं. आनंद दिसला की गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं.

"एवढे कशाला, फादर? बारा पुरेत."

"बारा ते शिष्य, अम्मा. ही निकियाची परिषद. रोमच्या सम्राटाने ठिकठिकाणचे बिशप बोलावले होते. परंपरा सांगते, तीनशे अठरा आले."

"जेवायला?"

"वाद घालायला."

मी खुर्ची पुढे ओढली. वाद हा माझा विषय.

फादर खुलले. येशू देवपित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्माण केलेला, यावर तिथे रणधुमाळी झाली. ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरलं. रविवारी गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची, हेसुद्धा. एका बिशपने भर सभेत दुसऱ्याच्या थोबाडीत मारली, अशी एक दंतकथा आहे म्हणे.

"ती थोबाडीत मी फुकट काढून देते," मी म्हणाले.

"नको. दंतकथा ती. तीनशे अठराच काढा."

शेवटी सौदा असा ठरला: पुढच्या रांगेतल्यांना नाक, डोळे, दाढी, मागच्यांची नुसती डोक्याभोवतीची सोन्याची वलयं, एकात एक अडकवलेली. फादरना तीनशे अठरा मिळाले, माझ्या कारागिरांचे डोळे वाचले. दोघांनाही वाटलं, आपण समोरच्याला गुंडाळलं. याहून चांगला सौदा नसतो.

पण माझ्या डोक्यात दुसरीच परिषद फिरत होती. आम्ही तंजावूरचे मराठी; राजवाड्यामागच्या गल्लीत माझे मोठे काका राहतात. त्यांच्या पुढाकाराने आमच्या कुटुंबाचं नवरात्राचं पुस्तक निघणार होतं. मुलं चेन्नई-बंगळुरात, देवनागरी कुणाला वाचता येत नाही, म्हणून मराठी आरत्या तमिळ अक्षरांत छापायच्या. कुठल्या आरत्या घ्यायच्या हे आधीच्या बैठकीत काकांनी वाचून दाखवलं, आणि माझ्या आईने रचलेली आरती त्यात नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती आरती नव्हे गं. सुंडल विकणारीचं गाणं ते. अर्धं तमिळ."

आई देवळाबाहेर सुंडल, म्हणजे चण्यांची उसळ, विकायची, हे खरं. त्या चण्यांवरच मी वाढले आणि दुकान उभं केलं. तेव्हापासून काकांचं नाव निघालं की माझी कानशिलं तापायची. ही आरती एकदा पुस्तकाबाहेर राहिली, तर पुढची पोरं ती विसरणार. आई दुसऱ्यांदा जाणार.

म्हणून मी फादरना विचारलं, "मग पवित्र शास्त्रात कुठली पुस्तकं घ्यायची, तेही याच सभेत ठरलं?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. नाही, अम्मा. ते हळूहळू ठरलं. पुढे बिशपांची पत्रं निघाली, आफ्रिकेत लहान परिषदा झाल्या. एखादं पुस्तक प्रेषितांपासून आलंय का, श्रद्धेशी जुळतं का, हे बघत. आणि गावोगावच्या मंडळ्या उपासनेत ते वाचतात का, हेही. परिषदांनी बरंचसं मान्य केलं ते आधीच लोकांच्या तोंडी असलेलं."

"लोकांच्या तोंडी असलेलं," मी म्हणाले आणि फादरना स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली. ते जरा घाबरले.

पुढच्या बैठकीला मी पोचले तेव्हा काका झोपाळ्यावर, काकू दारात आणि ओरत्तनाडुची माझी चुलतबहीण पंख्याखालची जागा अडवून बसलेली. मी उभ्याउभ्याच निकियापासून सुरुवात केली. काका म्हणाले, "पाद्र्यांचं काय सांगतेस आम्हाला?"

"नियम सांगते. जे घरोघरी म्हटलं जातं, ते पुस्तकात. कबूल?"

"कबूल. पण तुझं गाणं म्हणतंय कोण?"

मी सूर धरला.

"ये गे अंबे वासलात, कोलम ओला आहे,
सुंडल केलं ऊन ऊन, पोर वाट पाहे."

वासल म्हणजे आमचं दारापुढचं अंगण, कोलम म्हणजे रांगोळी. दुसऱ्या ओळीला चुलतबहीण मिसळली, मग काकू. तिसऱ्या कडव्यात काकांचा पाय झोपाळ्याखाली ठेका धरत होता. त्यांनी तो मागे घेतला, तर ओठ हलायला लागले! मी जिंकले होते. तिसरं, म्हणजे शेवटचं, कडवं संपवून मी ऐटीत थांबले.

बाकीचे थांबलेच नाहीत.

"माझी लेक लवकर तापे, ताक तिला पाज गे,
जिंकून आली भांडण तरी मांडीवर दे नीज गे."

"हे कुठलं?" मी ओरडले.

"चौथं कडवं," काकू म्हणाली. "तू नसलीस की म्हणायची तुझी आई. आमच्याकडे, सगळ्यांकडे."

"आईचं नाहीच हे! नंतर घुसडलंय कुणीतरी. काढून टाका!"

"ओरत्तनाडुलाही म्हणतात, अक्का," चुलतबहीण हसून लोळत म्हणाली. "माझ्या पोरांना तर हेच आधी येतं."

काका झोपाळ्यावरून उठले. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "घरोघरी म्हटलं जातं, ते पुस्तकात. नियम कुणाचा?"

"छापा मग, पण बारीक अक्षरात."

"सगळी कडवी एकाच अक्षरात."

"तीन मोठी, एक मध्यम."

"एकाच!"

मी तोंड उघडलं, तर पुढ्यात काकूने ताकाचा पेला धरलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. काका तर डोळे पुसत होते. मी पेला एका घोटात संपवला आणि कानशिलं खरंच गार झाली. मग मला असं हसू फुटलं की ताक नाकातून आलं, आणि त्याच नाकाने मी म्हणाले, "आणखी एक द्या. आणि ते कडवं पुन्हा म्हणा, मला पाठ नाही."